भांडी कोण घासतं?

"पुस्तक चांगलं हाय म्हणतेस, पण यात भांडी कोण घासतं?"

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या लायब्ररीत नवी कादंबरी आली की मावशींचा हा पहिला प्रश्न. चष्मा कपाळावर, पिशवी खांद्याला, एक पाय आत आणि एक उंबऱ्याबाहेर. मी मेली बक्षीस कुठलं मिळालं, अनुवाद कुणी केला, ते कौतुकानं सांगत बसायची. त्या भलतंच मधलं पान उघडायच्या. "हे बघ, सकाळपासून चारदा चहा झाला ह्यांचा. कप कुठं गेले गं? लेखकाला घर म्हाईत नाय." झालं! निकाल लागला. मग त्या पुस्तकाची कुणी कितीही तारीफ करो.

मावशी मूळच्या करमाडकडच्या. नर्स म्हणून सगळी नोकरी केली, निवृत्त झाल्या आणि वाचनावर तुटून पडल्या. बायांच्या कादंबऱ्या, घराबाहेर पडलेल्या सुनांच्या, आणि सगळ्यांत जास्त परदेशातल्या काळ्या लोकांच्या. "त्यांचं आन् आपलं लई जुळतं," म्हणायच्या. "त्यांचा रंग बघतात, आपलं आडनाव. माझ्या आजीला पाणी वरून वाढायचे. ह्या पुस्तकातल्या म्हातारीचं दुसरं काय हाय?"

पात्रबित्र हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता असं नाही, पण त्या वापरत नसत. कादंबरीतली बाई त्यांची थोरली, धाकटी, नाहीतर जाऊ असायची. एकदा भाजीच्या गाडीपाशी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "आमची थोरली गेली हो. ताप चढला, नवऱ्यानं डॉक्टर आणला नाय." शेजारच्या काकूंनी ते ऐकलं. दुःखाच्या घरी चूल पेटवू देत नाहीत आपल्याकडे, म्हणून संध्याकाळी त्या पिठलं-भाकरीचा डबा घेऊन हजर! दोघी मिळून मनसोक्त रडल्या, पिठलं-भाकरी खाल्ली, आणि मग काकूंनी विचारलं, "माती कुठं दिली?" तेव्हा उलगडा झाला. काकू बरेच दिवस बोलल्या नाहीत. मग गुपचूप येऊन तीच कादंबरी घेऊन गेल्या.

मावशींचा खरा राग एकाच बाईवर. पोरानं दुसऱ्या रंगाची, दुसऱ्या जातीची मुलगी आणली की तोंड फिरवणारी आई. अशा आया कादंबऱ्यांत पुष्कळ. "हिला दोन ठेवून द्याव्यात," असं म्हणत मावशी पुस्तक टेबलावर आपटायच्या. मी ओरडायचे, "बांधणी निखळंल, मावशी!" "निखळू दे. ती आई तरी सुधरंल."

एका दुपारी त्या आल्या आणि काहीच न विचारता स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "पोरानं पोरगी आणली घरी. केनियाची. इथंच विद्यापीठात शिकती. काळी, उंच, हसरी. आईनं पाणीसुदीक विचारलं नाय. उठून आत गेली."

मी पुस्तकांना कव्हरं घालत होते. मान वर न करता म्हटलं, "अगं बाई! कुठल्या प्रकाशनाची? आपल्याकडं आलीय का?"

"आपल्याच घराची हाय," मावशी म्हणाल्या. "ती आई म्हंजे मी."

कव्हर माझ्या हातातच राहिलं. मावशींना नवरा नाही, हा एकुलता एक मुलगा. "तिला पाणी नाय तर मला पण नाय," एवढं बोलून तो तिला घेऊन मित्राच्या खोलीवर निघून गेला होता. मला दया यायला हवी होती. आला तो राग. "इतकी वर्षं मग त्या सगळ्या आयांना शिव्या कशाला घातल्यात?"

"पुस्तकातल्या आईला शेजारपाजार नसतो गं!" त्या कडाडल्या. मग आवाज खाली आला. "नाय, शेजार नाय. खोटं कशाला बोलू? माझ्या मनात आलं, नातवंडं काळी व्हतील. माझ्या मनात! मी काय लई गोरी लागून गेले व्हय?"

आणि स्वतःच्याच हाताकडं बघून त्या हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, रडता रडता पुन्हा हसल्या, आणि एकदम उठल्या. "चल. कुलूप लाव. रिक्षा बघ."

आधी त्यांच्या घरून पाण्यानं भरलेला तांब्या घेतला. त्या खोलीवर नळ असतो हो, असं मी सांगून पाहिलं. "माझ्याच घरचं पायजे," म्हणाल्या. आपल्या शहरातले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. निम्मं पाणी माझ्या साडीवर आलं. दार त्या मुलीनंच उघडलं. मावशींनी तांब्या तसाच पुढं केला. "पी."

मुलीनं आधी तांब्याकडं बघितलं, मग माझ्या ओल्या साडीकडं. आमच्या शहरात शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "अम्मा, अंदर तो आओ. ऐसा दरवाजे में कौन पानी पीता?"

आत मोरीपाशी मुलगा भांडी घासत होता. मावशी बघतच राहिल्या. "माझ्या घरात ह्यानं कधी कप उचलला नाय," त्या मला म्हणाल्या, आणि त्या पोरीच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "हिला घर म्हाईत हाय." मुलगी उरलेलं पाणी घटाघटा प्यायली. मग मुलानं साबणाच्या हातानं तांब्या घेतला, तळाशी राहिलेला घोट घेतला आणि तांब्याही घासायला टाकला. मला त्या वेळी इतका आनंद झाला की साडीचं दुःख विसरले.

लग्न विहारात झालं. काकूंनी या वेळी पुरणपोळ्या आणल्या. पुढं मुलगा-सून नैरोबीला गेले, आणि सुनेला दिवस गेल्यावर मावशीही गेल्या. जाताना वाचायला कादंबरी देऊ का म्हटलं, तर म्हणाल्या, "आता येळ कुठाय मला?"

स्टूल रिकामं आहे. नवी कादंबरी आली की मीच मधलं पान उघडून कप शोधते.

परवा फोनवर त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. काकू समोरच होत्या, म्हणून मोठ्यानं लावला. "पोरी, नात झाली! दोन्ही आज्यांवर गेली. लई काळी, लई गोड!"

काकूंनी माझा हात घट्ट धरला. "नीट विचार गं, खरी नात ना? का पुस्तकातली?"

मी आवाज वाढवला. मागं भांड्यांचा खणखणाट चालला होता, आणि मावशी पोरावर ओरडत होत्या, "आरं हळू घास, माझी बाय झोपलीय!"