दारात बोललेलं खोटं

रविवारची उपासना संपली की मोठी माणसं चहाचे कप घेऊन उभी राहतात आणि मुलं माझ्याकडे येतात. लग्न होऊन नवीन पनवेलला आले तेव्हापासून मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, शब्बाथ शाळा मीच घेते. आमची मंडळी छोटी. स्वतःची इमारत नाही, एका शाळेचा हॉल रविवारपुरता मिळतो. मुलं दहा-बारा. त्यांना गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची, हात जोडून डोळे मिटायला लावायचं आणि येशूवर भरवसा ठेवून आयुष्य उभं करायचं म्हणजे काय, ते त्यांच्या भाषेत सांगायचं. खरं बोला. घाबरलात तर प्रार्थना करा. कुणी हसलं तरी बरोबर तेच करा. माझे वडील नगरकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते आणि हे सगळं त्यांनी मला इतक्या सहज शिकवलं होतं, की मीही ते सहज शिकवत होते. त्यात अवघड काय असतं, हे मला दोन नाताळांपूर्वीपर्यंत ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी माझी मुलगी पाचवीत होती. तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण आमच्या कॉलनीला लागून असलेल्या गावातली. आगरी घर, पूर्वी शेती आणि आता तीन मजली इमारत. वडील बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. घरात आई, आजी आणि काका. मैत्रीण आमच्याकडे खेळायला यायची, माझ्या मुलीबरोबर नाताळची गाणी म्हणायची आणि आमच्यापेक्षा सुरात म्हणायची. एकदा तिला न्यायला आलेली तिची आई म्हणाली, "ताई, हिला पण घ्या ना तुमच्या नाताळच्या नाटकात. घरी दिवसभर तेच गात असते."

"घरी चालेल ना?" मी विचारलं.

"मी हाय ना तिची आई."

एवढ्यावर मी थांबले. आजींना विचारू का, काकांना भेटू का, असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मला मुख्य देवदूताच्या कामासाठी मोठ्यानं गाणारी मुलगी हवी होती आणि ती समोर उभी होती.

तिसऱ्या सरावाला आम्ही पुठ्ठ्याला कापूस चिकटवून पंख केले. मैत्रिणीच्या आईनं पांढऱ्या फ्रॉकमधला, पंख लावलेला तिचा फोटो काढला आणि कौतुकानं आपल्या स्टेटसला ठेवला.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला दार वाजलं. मी सकाळी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, दुपारी घरी. नवरा उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात कामाला, तो सातशिवाय येत नाही. मी दार उघडलं तर मैत्रिणीचा काका. त्याच्या मागे जिन्यात दोन माणसं, त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. काका ओरडला नाही. ओरडला असता तर कदाचित मी इतकी घाबरले नसते. त्यानं शांतपणे मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला. त्यात तो फोटो.

"तुमी आमच्या पोरीला काय बनवताय?"

"अहो, हे..."

"नाव बदललं का तिचं? पानी-बिनी टाकलं का अंगावर?"

मागच्या दोघांपैकी एकानं मोबाइल वर उचलला होता. तो माझा व्हिडिओ काढत होता, हे मला माझ्याकडे रोखलेल्या कॅमेऱ्यावरून समजलं. आमच्या मंडळीतल्या लोकांच्या फोनवर तसले व्हिडिओ येत असतात. दुसऱ्या कुठल्या तरी गावातलं दार, घाबरलेली बाई, घोळका. मी ते उघडायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी दोन-तीन पाहिले होते. उंबऱ्यावर पाय होता तो मागे घ्यायचा होता, पण हलेना.

"ती नाटकात नाही," मी म्हणाले. "माझ्या मुलीबरोबर खेळायला येते फक्त. पंख असेच घातले, फोटोपुरते."

"वहिनी तर बोलते, तिनं सोताहून पाठवली. तुमाला विचारून."

"नाही. मला त्यांनी काही विचारलं नाही. त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असेल."

"म्हंजी वहिनी खोटं बोलली."

मी गप्प राहिले. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो "बरं झालं सांगितलंत" असं म्हणाला आणि तिघंही खाली उतरले. मी दार लावलं, कडी घातली, वरची खिटीसुद्धा सरकवली आणि वळले तर आतल्या खोलीच्या दारात माझी मुलगी उभी. हातात गणिताची वही.

"आई, तीच तर मुख्य देवदूत आहे ना?"

"कुणी विचारलं तर मी आत्ता सांगितलं तेच सांगायचं," मी म्हणाले. "शाळेत, खाली खेळताना, कुठंही. कळलं?"

तिनं मान हलवली. पण ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं तिनं मला आधी कधी पाहिलं नव्हतं. अनोळखी माणूस घरात आल्यावर बघतात तसं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे, कारण घडलं काहीच नाही. खाली जीप थांबली की मी गॅस बारीक करून कान द्यायची. दवाखान्यात कुणी दोन पुरुष एकत्र आले की अपॉइंटमेंटची वही हातातून निसटायची. दर डिसेंबरला आम्ही गॅलरीत कागदी चांदणी लावतो, त्या वर्षी ती माळ्यावरून काढलीच नाही आणि मुलीनंही विचारलं नाही. नवरा म्हणाला, "झालं ते झालं, विषय संपला." पण कामावरून दिवसातून तीन-तीनदा फोन करायला लागला आणि फोनवर एवढंच विचारायचा, दार लावलंय ना? आमचे पाळक, म्हणजे उपासना चालवणारे पास्टर, भले माणूस; तेही म्हणाले, "सराव थोडे दिवस थांबवू या." दोन घरांतून निरोप आले की आमची मुलं या रविवारी येणार नाहीत. कुणीही मला दोष दिला नाही. त्यानं भीती जास्तच वाढली, कारण सगळ्यांना ती बरोबर वाटत होती.

शुक्रवारी माझी मुलगी शाळेतून आली आणि बूट न काढता तशीच खुर्चीवर बसली.

"तिनं बाक बदलला," ती म्हणाली. "माझ्याशी बोलत नाही."

"बोलेल दोन दिवसांनी."

"तिच्या आईला घरातले सगळे खोटारडी म्हणतात. तिची आजी म्हणाली, सुट्टी लागली की हिला माहेरी नेऊन सोडा. ती मधल्या सुट्टीत रडत होती." मग थोडं थांबून, "आई, आपण जाऊन खरं सांगू या ना."

"तुला कळत नाही. ते लोक..." आणि मी तिथंच अडखळले. ते लोक म्हणजे कोण? मुलीला न्यायला आल्यावर माझ्या ओट्याशी उभी राहून चहा पिणारी तिची आई?

"खरं सांगितलं तर ते आपल्याला मारतील?"

"माहीत नाही मला."

"मग तू आम्हाला का शिकवतेस, खरं बोला म्हणून?"

ती चिडून विचारत नव्हती, उलट उत्तरही देत नव्हती. तिला खरोखर उत्तर हवं होतं, वहीत लिहून घेण्यासारखं. मी तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. पाचवीतल्या मुलीच्या नाड्या आईनं सोडायची काही गरज नव्हती.

शनिवारी सकाळी मी निघाले. नवरा म्हणाला, मीही येतो. मी म्हटलं, दोघं गेलो तर भांडायला आल्यासारखं दिसेल. शेवटी तो स्कूटर घेऊन गावाच्या कमानीपाशी थांबला. निघण्याआधी मी प्रार्थना केली. दरवेळी प्रार्थनेनंतर पोटात जे निवांत वाटतं, तसं काही वाटलं नाही.

कमानीपासून त्यांचं घर पाच मिनिटांवर. मारुतीच्या देवळाबाहेर बायका तेल आणि रुईच्या पानांच्या माळा घेऊन रांगेत होत्या. त्या सगळ्या माझ्याकडे बघताहेत असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात एकीनंही मान वळवली नाही. एक चप्पल सारखी पायातून सुटत होती. दोनदा मी थांबले. दुसऱ्यांदा तर परतही फिरले, चार पावलं मागे आले आणि मग परतून काय सांगणार, कुणाला तोंड दाखवणार, असं वाटून पुन्हा पुढे चालू लागले.

घरासमोर डंपर उभा होता. ओट्यावर आजी सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसल्या होत्या.

"कोन गं तू?"

मी कोणाची आई ते सांगितलं.

"म्हंजी ती पंखवाली बाई?" आजींनी हातातला बोंबील खाली ठेवला आणि आत वळून मुलाला हाक मारली. काका बाहेर आला. बनियनवर, खांद्यावर टॉवेल. त्याच्यामागे स्वयंपाकघराच्या दारात मुलीची आई दिसली, हात पिठानं भरलेले. ती पुढे आली नाही.

मी बसले नाही, मला कुणी बसायलाही सांगितलं नाही. उभ्यानंच बोलले. पाठ करून आले होते ते सगळं विसरले आणि जे आलं ते बोलले.

"मंगळवारी मी खोटं बोलले. तुमच्या सूनबाई खरं सांगत होत्या. त्यांनी मला विचारलं होतं, मीच हो म्हटलं. मुलगी नाटकात होती. आजी, मी तुम्हाला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही, ती माझी चूक. नाव बदलणं, पाणी घालणं असलं काही नव्हतं. नाताळचं नाटक होतं, गाणी होती."

"आनि प्रार्थना?" काकानं विचारलं.

इथं मला पुन्हा तोच मोह झाला. नाही म्हणावं आणि सुटावं.

"हो. प्रार्थनाही. सगळी मुलं करतात, तीही हात जोडून बसायची."

बोंबलांवर कावळा उतरला, त्याला आजींनी हात उगारून हाकललं आणि त्या हातानंसुद्धा मी दचकले. काकानं ते पाहिलं.

"मंग तवाच का नाय बोललात?"

"घाबरले."

"कोनाला?"

"तुम्हाला."

"मी हात उगारला व्हता?"

"नाही. पण तुमच्या मागे उभा होता तो व्हिडिओ काढत होता."

टॉवेलनं त्यानं मान पुसली, खरं तर मान कोरडीच होती. आजी मात्र माझ्याकडे सरळ बघत होत्या.

"आमची पोर आता नाय येनार तुज्याकडं," त्या म्हणाल्या. "आमचा देव हाय, आमाला पुरतो."

"हो," मी म्हणाले.

"पन सुनेला मी नको ते बोलले. चार मानसांत बोलले. ते तुज्यामुले."

मी दारातल्या तिच्याकडे पाहून हात जोडले. ती तशीच उभी होती, हातावरचं पीठ वाळून पांढरं पडलेलं. मग मी निघाले. कमानीपर्यंत मला मागून पावलं ऐकू येत राहिली. वळून पाहिलं तेव्हा रस्ता रिकामा होता. स्कूटरवर मागे बसून घरी आले आणि आल्याआल्या मला उलटी झाली.

संध्याकाळी मुलीला सगळं सांगितलं, चार पावलं परत फिरले होते तेसुद्धा.

"तू प्रार्थना करून गेली होतीस ना?"

"हो."

"मग भीती गेली?"

"नाही."

"मग उपयोग काय झाला?"

"माहीत नाही गं. पोचले तेवढं खरं."

हे उत्तर तिला पटलं की नाही, ते तिनं सांगितलं नाही. पण त्या दिवशी जेवताना ती माझ्या शेजारी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शब्बाथ शाळेत पाचच मुलं होती. मी त्यांना सांगितलं की माझ्याकडून खोटं बोललं गेलं, भीतीनं, आणि त्यानं दुसऱ्याच बाईला त्रास झाला. सगळ्यात लहान मुलानं डोळे मोठे केले. "टीचर, तुम्हीपण?" नाताळचा कार्यक्रम त्या वर्षी पाळकांच्या घरी झाला, पडदे ओढून. खाली मोटारसायकल थांबली की गाताना माझा आवाज बसायचा. मुलं मात्र गात राहायची.

पुढे काही झालं नाही. कुणी आलं नाही, तो व्हिडिओही कुठं दिसला नाही. जानेवारीत मैत्रीण परत आमच्या मुलीच्या बाकावर आली. आमच्या घरी मात्र येत नाही. आता कुणाचंही मूल वर्गात घेण्याआधी मी त्या घरी जाते, जे कोणी मोठं असेल त्याच्यासमोर बसते आणि आम्ही काय काय करतो ते सांगते, प्रार्थनेसकट. काही घरं नको म्हणतात. जिने चढताना भीती वाटते, ती अजून गेलेली नाही.

फेब्रुवारीत एकदा बाजारात तिची आई भेटली. मेथी निवडत होती. मला चुकवून जाईल असं वाटलं, पण तिनं जुडी पिशवीत टाकली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आलात ते बरं केलंत, ताई," ती म्हणाली. "पण चार दिवस लावलेत."

त्या चार दिवसांत घरात काय झालं, ते तिनं सांगितलं नाही. विचारायचं धाडस मला झालं नाही. "मुलगी बरी आहे ना?" एवढंच विचारलं. "बरी हाय," ती म्हणाली आणि कोथिंबिरीच्या गाडीकडे वळली.