मशीनशेजारी शिकलेलं वेल्श गाणं

कार्डिफला येऊन सहा वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा फुटबॉलची मॅच बघायला गेले. मुलीच्या मैत्रिणीच्या घरच्यांना ऐनवेळी जमेना, म्हणून त्यांची तिकिटं आमच्याकडे आली. नवरा क्रिकेटवाला, मला दोन्हीतलं काही कळत नाही. तरी लाल स्कार्फ गुंडाळून आम्ही तिघं जाऊन बसलो.

मॅच सुरू व्हायच्या आधी एक गाणं लागलं आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. वेल्श भाषेतलं, लोकगीताच्या वळणाचं गाणं. एके काळी गावातल्या हॉलमध्ये, पबच्या मागच्या खोलीत म्हटलं जायचं. आता वेल्सची टीम खेळणार असली की हजारो माणसं ते गातात. माझ्या शेजारची बाई डोळे मिटून गात होती. मला एकटीला गप्प राहणं जड गेलं, म्हणून मीही ओठ हलवत राहिले.

घरी येताना बसमध्ये मुलगी म्हणाली, "आई, तू नुसता ओठ हलवत होता."

"हलवत होतीस," मी तिचं मराठी दुरुस्त केलं.

"हां, तेच. पण गात नव्हता."

तिला शाळेत वेल्श असल्यामुळे निम्मं गाणं येत होतं. गाणं येत नव्हतं याचं मला काही वाटलं नाही, पण येतंय असं दाखवलं याची लाज वाटली. ठरवलं की पुढच्या वेळी एक तर गप्प उभं राहायचं, नाहीतर शब्दन् शब्द म्हणायचा, तोही अर्थ समजून.

मी हॉस्पिटलच्या डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. आमचे पेशंट आठवड्यातून तीनदा येतात आणि चार-चार तास मशीनला जोडलेले असतात, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत ते घरच्यासारखे होतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारच्या शिफ्टला एक निवृत्त मास्तर यायचे. वय अठ्ठ्याहत्तर, पश्चिमेकडच्या एका खेड्यातले. उभी हयात वेल्श शाळेत शिकवण्यात गेली. बायको गेल्यावर कार्डिफला एकटेच राहत होते. बोलायला तिरसट, पण सुई टोचताना कधी हूं की चूं करायचे नाहीत.

मंगळवारी मशीन सुरू करून दिल्यावर मी त्यांना म्हटलं, मला ते गाणं शिकवा. त्यांनी सरळ नाही म्हटलं. फुटबॉलवाल्यांचं गाणं फुटबॉलवाल्यांकडून शिकावं, म्हणाले. मी तिथेच उभी राहिले, तेव्हा मग बोलले. त्यांच्या तरुणपणी असली गाणी म्हणणारे चाळीस जण जमले तरी खूप वाटायचं. रस्त्यावरच्या पाट्या वेल्शमध्ये हव्यात म्हणून त्यांनी इंग्रजी पाटीला रंग फासला होता आणि एक दिवस पोलीस चौकीत काढला होता. आता ज्यांना वेल्शमध्ये साधं पाणी मागता येत नाही ती माणसं टोप्या घालून तेच गाणं ओरडतात.

"ते गात नाहीत. नुसते आवाज काढतात," ते म्हणाले.

मी त्यांचं ब्लड प्रेशर लिहून घेतलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. गुरुवारी परत त्यांच्यासमोर उभी राहिले आणि माझ्या आईबद्दल सांगितलं. नागपूरला आमच्या वस्तीत विहारासमोर गायन पार्टी बसायची. आई विड्या वळायची, तिला सही करता येत नव्हती. पण चळवळीची पन्नास-साठ गाणी तिला तोंडपाठ होती. त्यातले संविधान, समता, प्रज्ञा असले शब्द आधी तिच्यासाठीही नुसते आवाजच होते.

मास्तरांनी विचारलं, "तिला नंतर अर्थ कळले?"

"काही कळले, काही नाही. पण ती गाणी म्हणता म्हणता तिने ठरवलं की मुलीला शिकवायचं. म्हणून मी आज इथे उभी आहे."

त्यांनी मशीनच्या पडद्यावर किती वेळ उरलाय ते बघितलं. मग म्हणाले, "शनिवारी वही आण."

तेव्हापासून माझा ब्रेक झाला की मी वही घेऊन त्यांच्या खुर्चीशेजारी बसायचे. त्यांची अट एकच होती. एका ओळीचा अर्थ मी माझ्या शब्दांत सांगितल्याशिवाय दुसरी ओळ मिळणार नाही. मी सगळं देवनागरीत लिहून घ्यायचे. माझा 'र' ऐकून ते खूश झाले, कारण इंग्लिश माणसांना तो तसा खणखणीत जमत नाही. पण एका अक्षराने माझा जीव काढला. जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. मी घरी भांडी घासताना तो सराव करायचे. नवरा म्हणायचा, कुकरची शिट्टी बिघडली वाटतं. तीन आठवडे लागले, पण मी ते अक्षर सोडलं नाही. ज्या दिवशी ते नीट आलं, त्या दिवशी मास्तरांनी सुई नसलेला हात उचलून फक्त एक बोट वर केलं. त्यांच्या शाळेत बहुधा तेवढीच शाबासकी असावी.

पुढची मॅच शनिवारी संध्याकाळी पाचची होती. मी मास्तरांना म्हटलं, माझ्याबरोबर चला. त्यांनी आजवर रग्बीशिवाय कशाचंच तिकीट काढलं नव्हतं, आणि शनिवारी दुपारी तर ते मशीनवर असत. पण मीही हट्टाला पेटले होते. सकाळच्या शिफ्टमधल्या एका पेशंटला विचारून मी वेळांची अदलाबदल केली, डॉक्टरांची परवानगी काढली आणि त्यांना तेवढं चालवणार नाही म्हणून व्हीलचेअरच्या जागेची दोन तिकिटं घेतली. मग त्यांच्याकडे सबबच उरली नाही.

डायलिसिसनंतर माणूस गळून जातो. दुपारी झोप काढूनही त्यांचा चेहरा पांढरा दिसत होता. पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून मी थर्मासमध्ये बर्फाचे खडे घेतले होते. ते एक-एक चोखत ते गर्दीकडे नापसंतीने बघत होते.

गाणं सुरू झालं. मी उठून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गायले. सगळ्यांनी पुसून टाकायला बघितलं तरी आम्ही टिकून आहोत, असा त्याचा भाव. तो आता मला कुणी सांगायची गरज नव्हती. आवाज फाटला, पण थांबले नाही. मास्तर मात्र गायले नाहीत. कान देऊन ऐकत राहिले.

आमच्या मागे पन्नाशीचा एक धिप्पाड माणूस गात होता. एक शब्द त्याने चुकीचा म्हटला. गाणं संपताच मास्तर मान वळवून त्याला म्हणाले की शब्द तसा नाही. मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्या माणसाने खाली वाकून विचारलं, मग कसा? मास्तरांनी सांगितला. त्याने दोनदा म्हणून बघितला. मग म्हणाला, "माझी आजी वेल्श बोलायची. आमच्या आईला तिने शिकवलीच नाही, इंग्रजी कच्ची राहून पुढे त्रास नको म्हणून. माझ्याकडे या गाण्यातले शब्द आहेत, तेवढेच."

मॅच आम्ही एका गोलने हरलो. बाहेर पडायला गर्दी होती, तिथे मास्तरांनीच मला व्हीलचेअर थांबवायला लावली आणि त्या माणसाला जवळ बोलावलं. बुधवारी आपल्याला डायलिसिस नसतं, दुपारी तीनला लायब्ररीत भेट, असं सांगितलं. तो ट्रकवाला होता. म्हणाला, बुधवारी गाडी नसली तर नक्की येईन.

पहिल्या बुधवारी आम्ही दोघंच विद्यार्थी होतो. महिनाभरात सात झालो, सगळे लाल टोपीवाले. मास्तर पूर्वीइतकेच तिरसट होते. गृहपाठ केला नाही तर घरी पाठवायचे. मधे त्यांना इन्फेक्शन झालं आणि पाच आठवडे ते वॉर्डात होते. तेव्हा ट्रकवाल्याने वर्ग बंद पडू दिला नाही, चुकतमाकत का होईना आम्ही एकमेकांचे धडे घेतले. मास्तर बरे होऊन आल्यावर त्यांनी आमच्या सगळ्या चुका पहिल्यापासून दुरुस्त केल्या.

गेल्या वर्षी मी वेल्शची पहिली परीक्षा दिली आणि पास झाले. हॉस्पिटलने माझ्या युनिफॉर्मवर लावायला नारिंगी बिल्ला दिला. मी वेल्श बोलते, असं सांगणारा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक ऐंशीच्या आजी पहिल्यांदा डायलिसिसला आल्या. घाबरून खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या, इंग्रजीत विचारलं तरी उत्तर देईनात. मी वेल्शमध्ये विचारलं, दुखतंय का कुठे? त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग बिल्ल्याकडे, आणि एकदम भराभर बोलायला लागल्या. मला निम्मंच कळलं. मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, आजी, परत सांगा, जरा हळू.