एक वाजता फिरवलेली ट्यूब

होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल मोजायचं तर रक्त काढल्याबरोबर ट्यूब बर्फात ठेवायची आणि तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा. नाहीतर तांबड्या पेशी ते बाहेर सोडत राहतात आणि आकडा फुगतो. परभणीच्या तपासणी केंद्रात इतकी वर्षं काढल्यावर हे मला झोपेतही सांगता येतं.

त्या दिवशी दहा वाजता ताडकळसच्या एका सुनेचं रक्त घेतलं. दोनदा गर्भ पडला होता; होमोसिस्टीन वाढलं तर तसं होऊ शकतं, म्हणून तपासणी. बर्फ संपलेला, बाहेर रांग, त्यात लाइट गेली. ट्यूब स्टँडमध्ये तशीच राहिली; फिरवली एक वाजता. फॉर्मवर फिरवल्याची वेळ मात्र सवयीनं 'सव्वादहा' लिहिली. आम्ही सगळेच तसं लिहायचो. रकाना भरलेला दिसला की, नमुना जिथे मोजायला जातो ती पुण्याची लॅब काही विचारत नाही.

रिपोर्ट वाढलेला आला. न्यायला सासू-सून दोघी आल्या. 'वाढलंय' एवढंच ऐकून सासू म्हणाली, "रक्तातच खोट हाय म्हनायची. मंग आमी पोराचं दुसरं बगायला मोकळे."

सुनेनं रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, हे आधी मनात आलं. तिचं काय होईल, ते नंतर. त्याची आजही लाज वाटते.

"पुन्हा तपासावं लागेल," मी म्हणाले. "मशीनचा घोळ झालाय."

"मशीनला काय धाड भरली?" सासू तणतणत बाहेर गेली. सुनेनं हात पुढे केला.

रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला. दहा मिनिटांत ट्यूब फिरवायला लावली आणि यंत्र थांबेपर्यंत तिथून हलले नाही. चार दिवसांनी रिपोर्ट आला. अगदी ठीक.

या वेळी ती एकटीच आली. "पहिल्या बारीला मशीन बिगडलं व्हतं का, ताई?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. "नाही. मीच उशीर केला आणि वेळ खोटी लिहिली."

ती भडकेल असं वाटलं. तिनं पिशवीतून पहिला रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. "ह्याच्यावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं त्यांना पटत न्हाई."

मी लिहिलं: ट्यूब एक वाजता फिरवली, हा आकडा चुकीचा आहे, चूक माझी. सही केली, शिक्का मारला.

तिनं दोनदा वाचलं.

"ताडकळसची बस आता मिळेल," मी म्हणाले.

"तिकडं कशाला? पयला रिपोर्ट आला त्याच दिवशी मला पोखर्णीला, माहेरी सोडून गेले. ह्याची झेरॉक्स पाठवते. न्यायला त्यांनीच यायचं."