बाजारातून आणलेले पेशंट

हे सगळं असंच घडलं का, याची मला पक्की खात्री नाही. मागच्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याला फोनवर कॉलेजचा एक किस्सा रंगवून रंगवून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "सर, हा मीच तुम्हाला सांगितला होता!" तेव्हापासून धास्ती बसली आहे. हळद शिजवणाऱ्याच्या कपड्यांना रंग बसतो ना, तसं या किश्श्यांचं होतं. जात तर नाहीत, पण फिके होत होत मूळ रंग कोणता होता तेच कळेनासं होतं. तरी सांगतो. चुकलं तर चुकलं.

मी झूलॉजीचा पीएच.डी. माझा प्रबंध गांडुळाच्या मज्जासंस्थेवर. एवढं शिकून मी नोकरी केली ती कळमनुरीकडच्या एका छोट्या ख्रिस्ती नर्सिंग कॉलेजात. मुलींना अ‍ॅनाटॉमी आणि मायक्रोबायोलॉजी शिकवायची. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. मी तिथं असतानाच हिंगोली वेगळा झाला. कॉलेजला जोडून मिशनचा जुना दवाखाना. संस्थेचे अध्यक्ष पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पास्टर. प्रिन्सिपल मर्सी मॅडम, केरळच्या. बी.एस्सी. नर्सिंगची पहिलीच बॅच होती, आणि कोर्सला कायमची मान्यता अजून मिळायची होती. ती मिळाली नाही तर मुलींची चार वर्षं पाण्यात! हे आम्हाला माहीत होतं, मुलींना माहीत होतं. फक्त कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

* * *

पहिल्या दिवशी बंजारा तांड्यावरून एक बाप मुलीला घेऊन आला. मुलगी ललिता राठोड. तांड्यातली बारावी सायन्स झालेली पहिलीच. बापानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि मला विचारलं, "सायेब, चार वर्षांनी ही डॉक्टर व्हईल का?"

मला थोडक्यात उत्तर देता येत नाही. नर्स वेगळी, डॉक्टर वेगळा, नर्सिंग हेही एक शास्त्र आहे, असं मी बराच वेळ सांगितलं.

"डॉक्टरला किती वर्षं लागत्यात?"

"साडेपाच."

त्यानं हिशेब केला. "मग दीड वर्षासाठी लेकराला काहून मागं ठेवता? पुरंच करून द्या की!"

मी मर्सी मॅडमकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "नेक्स्ट!"

* * *

मर्सी मॅडमचं बेड मेकिंग म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. चादरीला एक सुरकुती दिसली की सगळी गादी उलटी करून पुन्हा पहिल्यापासून. रोज सकाळी मुली वॉर्डातले सगळे पलंग लावायच्या. पाहुण्यांना वॉर्ड दाखवताना पाळकसाहेबांची छाती फुगायची. मराठवाड्यात असा वॉर्ड नाही म्हणायचे.

एकदा कुरुंद्याची एक म्हातारी ताप घेऊन आली. ललितानं तिला पलंग दाखवला. म्हातारी खाली फरशीवरच बसली.

"आजी, वर झोपा ना."

"नगं गं बाई. इतकं छान करून ठिवलंय, कुणी यायचं असंल."

कुणीही यायचं नव्हतं. आमच्या चादरींना सुरकुती पडत नसे, कारण त्यांच्यावर झोपायला पेशंटच नसत!

* * *

मायक्रोबायोलॉजीसाठी मायक्रोस्कोप होता. एकच, पण परदेशी. कुणा दात्यानं दिलेला. तो पाळकसाहेबांच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात असायचा, बाजूला दात्याचा फोटो. कपाटाची किल्ली पाळकसाहेबांच्या खिशात. मी तीनदा मागून बघितला. "सर, लेन्सला बोटं लागली तर?" म्हणायचे. मग मी फळ्यावर रंगीत खडूनं जंतू काढायचो. माझे जंतू चांगले यायचे, असं मला वाटतं.

युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. ललिताला विचारलं, "मायक्रोस्कोप वापरताना पहिली स्टेप कोणती?"

ललितानं सरळ सांगितलं, "सर, आधी पाळकसायबांकडं अर्ज करायचा."

परीक्षक इतके हसले की त्यांनी दुसरा प्रश्नच विचारला नाही. तिला मार्क चांगले मिळाले. मला मेमो मिळाला.

* * *

मग मुलींचा शपथविधी झाला. कॅपिंग म्हणतात त्याला. मुली पांढऱ्या शुभ्र साड्या नेसून, हातात मेणबत्ती घेऊन ओळीनं चर्चमध्ये आल्या. इंग्रजीतून शपथ झाली. मर्सी मॅडमनी एकेकीच्या डोक्यावर टोपी चढवली. पालकांसाठी मागचे बाक ठेवलेले. ललिताची आई आरसे लावलेली कांचळी-फेटिया, म्हणजे बंजारा चोळी-घागरा, घालून आली होती. तिच्या आरशांत मेणबत्त्या चमकत होत्या, तेवढंच त्या चर्चमध्ये रंगीत होतं.

अचानक ती रडायला लागली. साधं डोळे पुसणं नाही, गळा काढून! पाळकसाहेबांना वाटलं, बाई समारंभानं भारावली. ते प्रार्थनेसाठी तिच्याकडं निघाले. ललिता ओळ सोडून धावली. आई ओरडत होती,

"लगीन न्हाई का काही न्हाई, आन् पोरीला पांढरं नेसवलं! नवऱ्याआधीच रांडाव केली गं माझी!"

ललितानं तिचे दोन्ही हात धरले. "याडी," तांड्यावर आईला याडी म्हणतात, "याडी, हे पांढरं तसलं न्हाई. हे पगाराचं पांढरं हाय!"

आई गप्प झाली. मागच्या बाकावरचे सगळे पालक हसले, आणि मला वाटतं, तेव्हाच पहिल्यांदा त्यांना कळलं की आपण पोरींना इथं कशासाठी पाठवलंय.

* * *

आता तपासणीचं सांगतो. मान्यता देण्याआधी समिती येते आणि दवाखान्यात पेशंट किती ते बघते. पेशंट तेवढे नसतात. मग काय करायचं? आम्हीच शोधून काढलेला हा उपाय नव्हता, पण केला मात्र मन लावून. जवळा बाजार नावाच्या गावाला आठवडी बाजाराच्या दिवशी जीप पाठवायची. दोन वेळचं जेवण, चहा आणि दिवसाची रोजी. काम एकच, पलंगावर पडून राहायचं. अख्ख्या अख्ख्या जीपा भरून माणसं यायची!

रोग वाटायच्या मर्सी मॅडम. तो रोग त्या माणसाला समजावून सांगायचा मी, कारण स्टाफमध्ये डॉक्टरेट माझी एकट्याची.

पण रोगांचीही निवडानिवड व्हायची. टीबी कुणालाच नको. "पोरीचं लगीन व्हायचंय सायेब, गावात नाव निघंल." शुगर नको, कारण चहा बिनसाखरेचा मिळतो. सगळ्यांना हात मोडलेला पाहिजे, म्हणजे जेवणाला बंधन नाही! शेवटी प्लास्टर संपलं. एकाला जुलाब लिहिले गेले आणि मॅडमच्या शिस्तीप्रमाणे त्याला दिवसभर पेजच मिळाली. संध्याकाळी तो माझ्यावर खवळला. "रोजीनं आणलं आन् उपाशी ठिवलं! ह्याच्यापेक्षा शेतावर गेलो असतो तर भाकर तरी भेटली असती!"

* * *

हे दरवर्षीच्या तात्पुरत्या तपासणीचं, म्हणजे नुसती रंगीत तालीम. कायमच्या मान्यतेची खरी समिती आली तेव्हा ललिताची बॅच शेवटच्या वर्षाला होती. समितीच्या मुख्य एक वयस्क बाई होत्या, मोठ्या दवाखान्यात मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या मुख्य, राहिलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्यापुढं केस सांगायला मॅडमनी ललिताला उभं केलं, कारण मुलींमध्ये तीच हुशार. पेशंट म्हणून एक म्हातारे बाबा. हर्नियाचं ऑपरेशन झालंय, तब्येत सुधारतेय, असं ठरलेलं.

ललितानं बाबांचं मनगट धरलं आणि बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि ती थांबली. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला. घामानं ओलं होतं.

"बाबा, काय व्हतंय?"

"काही न्हाई, बाई."

"ललिता, पेशंट स्टेबल है," मर्सी मॅडम दातांत म्हणाल्या. "आगे बोलो."

"मॅडम, हे बाबा खरंच आजारी हायत."

वॉर्डात सगळे पेशंट उठून बसले. मोडलेल्या हातवाले हात टेकून उठले! बाबा मात्र माझ्याकडं बघत कळवळून म्हणाले, "न्हाई, न्हाई, मला हर्नियाच हाय! छातीत दुखून राहिलंय ते सांगायचं न्हाई, बराबर ना सायेब?"

मग ललिता समितीच्या बाईंकडं वळली. "मॅडम, ह्यांना बाजारातून आणलंय. पण आता खरा झटका येऊन राहिलाय. डॉक्टर बोलवा आन् गाडी द्या."

बाईंनी लगेच स्वतःची गाडी दिली. ललिता बाबांना धरून मागं बसली आणि गाडी नांदेडला गेली.

बाबा वाचले. महिन्याभरानं काठी टेकत कॉलेजवर आले आणि मला म्हणाले, "सायेब, पुढच्या टायमाला मला हार्टवरच ठिवा. हर्निया आपल्याला जमत न्हाई."

* * *

ललिताशी मात्र तिच्या वर्गातल्या मुली बोलेनात. त्यांचंही खरं होतं. तिच्या एका वाक्यानं सगळ्यांची डिग्री गेली, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. होस्टेलमध्ये तिच्या ताटाशेजारी कुणी बसेना. एकीनं तिला विचारलं म्हणे, "तुला त्या म्हाताऱ्याची दया आली, आमची काहून न्हाई आली?"

संस्थेची मीटिंग झाली. पाळकसाहेब म्हणाले, "मुलगी खरं बोलली, मान्य आहे. पण पाहुण्यांसमोर बोलली." मी उठून तिच्या बाजूनं दोन शब्द बोललो. फार चांगले नसतील. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमचं गांडूळ वेगळं, संस्था वेगळी!" मीटिंग हसली. चहा आला.

शेवटच्या परीक्षेला बसायला प्रिन्सिपलचा दाखला लागतो. ललिताला तो नाकारला. कारण दिलं, क्लिनिकल अनुभव अपुरा!

आणि थोड्या महिन्यांनी मान्यता आली. चर्चमध्ये उपकारस्तुती झाली, पेढे वाटले, आणि पाळकसाहेबांनी भाषणात सांगितलं की हे प्रार्थनेचं फळ. बाकीच्या सगळ्या मुली पास झाल्या, कुणी पुण्याला गेल्या, कुणी आखाती देशांत. ललिता आखाडा बाळापूरला एका खाजगी दवाखान्यात लागली. तिथं सगळे तिला सिस्टर म्हणतात. पगार आयाचा!

* * *

मान्यता मिळाली कशी, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नाही. माणसं भाड्यानं आणली हे भर वॉर्डात उघड झाल्यावर कोण मान्यता देतं? कुणी म्हणायचं वशिला, कुणी म्हणायचं प्रार्थना. मला तिसराच संशय होता, पण माझ्या संशयांवर माझाच विश्वास नसतो.

रिटायर झाल्यावर मोतीबिंदूसाठी नांदेडला गेलो होतो. शेजारच्या खुर्चीवर डोळ्याला पट्टी बांधलेल्या एक बाई बसलेल्या. त्या तिथल्या नर्सशी बोलत होत्या, आवाजावरून ओळखलं. समितीच्या त्याच बाई! मी माझी ओळख सांगितली आणि धीर करून विचारलं.

"बाजारातले पेशंट आम्हाला सगळीकडं दिसतात, सर," त्या म्हणाल्या. "दारातूनच कळतं. तुमच्याकडं तर प्लास्टरच्या हातानं लोक तंबाखू मळत होते. मान्यता नाकारायची हे मी त्याच वेळी मनात ठरवलं होतं."

"मग?"

"मग त्या मुलीनं मनगट धरलं. जिथं अशी एक तयार होते, ते कॉलेज बंद कसं करायचं? तिच्या एकटीसाठी सही केली मी."

आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. मी त्यांना हात देऊन उठवलं. दारापर्यंत गेल्यावर त्या थांबल्या आणि उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघत म्हणाल्या,

"आता मेट्रन झाली असेल ना हो ती?"