पळसदरीच्या डोंगरात नातीबरोबर पिसोरी शोधताना

माझी नात सायली जंगली प्राण्यांचं शिकून पहिली आली आणि तिला पहिलं काम मिळालं ते पळसदरीमागच्या डोंगरात पिसोरी शोधायचं. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. म्हटलं, मी पण येणार, तुला भाकऱ्या कोण थापून देईल? मी तिसरी शिकलेली, हे फोनला बोलून लिहितेय. चुकलं तर हसा.

दिवाळी सरली नि निघालो. रसायनीहून चौकपर्यंत टमटम, पुढे कर्जतची एसटी. कर्जतला वडापाव खाऊनच घ्या. पळसदरीला धरणाजवळ आठवड्यासाठी खोली मिळाली. गरम पाणी मागावं लागतं, पण खोलीवालीचं करवंदाचं लोणचं असं की मी बरणीच उचलली.

पहिल्या दिवशी वाट दाखवायला कातकरी वाडीतली हिराबाई आली. माझ्याच वयाची, पण चढ चढते वाऱ्यासारखी. मी आपली दर दहा पावलांवर झाडाला धरून उभी. ओढ्याकाठच्या रुंद वाटेवर सायलीनं आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला.

हिराबाई म्हणाली, “पोरी, हितं ती नाय येत गं. हितं आमीच येतो.”

“मावशी, रुळलेल्या वाटेनंच प्राणी पाण्यावर येतात. वर्गात शिकवलंय,” सायली हसली.

वाटेतले दगड गुळगुळीत झाले होते. मोळीवाल्या बायकांच्या पायांनी होतात तसे. माहेरी कडावला मीही असे दगड झिजवलेत. ओठांवर आलं होतं, पण पहिली आलेल्या पोरीला मी काय सांगू?

आठव्या दिवशी फोटो बघितले. मोळी, मोळी, कुत्रं, मोळी. एकात हिराबाई कॅमेऱ्याकडे बघून दात काढतेय. मी हसत सुटले. मग सायलीचा चेहरा बघितला. त्याच संध्याकाळी कॅमेरा परत करून अहवाल द्यायचा होता. पिसोरी नसली तर डोंगर बंगल्यांच्या प्लॉटांना जाणार.

हिराबाईनं सायलीचं मनगट धरलं नि वर कारवीच्या झुडपांतल्या एका कपारीशी नेलं. आत उडदाएवढ्या लेंड्या, ताज्या. सायली गुडघ्यांवर बसली.

“आजी, यांचं चित्र काढून मी दहापैकी दहा मार्क घेतलेत गं.”

“मग काढ फोटो!”

“साहेबांना प्राण्याचाच लागतो.”

“मंग ल्हिनार काय?” हिराबाईनं विचारलं.

“काही आढळलं नाही.”

“आडळलं तर! तुला नाय आडळलं.”

सायलीनं साहेबांना फोन लावून चार दिवस मागितले. मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी हिराबाईची वाडी टेंपोत चढून खालापूरकडच्या वीटभट्टीवर गेली. आता पावसाळ्यापर्यंत त्या कपारीत डोकावणारं कुणी नाही. तोवर डोंगर राहतो का, देव जाणे.

घरी आलो. लोणचं सगळ्यांना आवडलं. सायलीनं ते फोटो माझ्या फोनवर टाकलेत. सगळ्यात पहिला, कॅमेरा बांधल्यावरचा, माझाच आहे. मी खाली दगडांकडे बघतेय, तोंड उघडलेलं. बघणाऱ्याला वाटेल, आजी काहीतरी सांगतेय.

मी काहीच सांगितलं नव्हतं.