तंबूतल्या अक्षता

मॅट्रिकला गणितात गचकले आणि घरी बसले, त्या वर्षीची ही गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. रब्बीची ज्वारी घरात आली होती आणि माणसं पुन्हा हसायबोलायला लागली होती. तिसगावच्या बाजारतळावर सिनेमाचा तंबू आला आणि त्यात चीनचा सिनेमा लागला. चीन आम्हाला ठाऊक होता तो लढाईमुळे. त्यांचा सिनेमा कशाला बघायचा, असं वडील म्हणत होते. पण त्यात तलवारी आणि कुस्त्या आहेत असं कुणीतरी सांगितलं, आणि कुस्तीचं नाव निघालं की आमच्या वडिलांची सगळी तत्त्वं विरघळत. त्यांनी गाडी जुंपली. आई, आत्या आणि मी मागे बसलो.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिचं लग्न दुष्काळाच्या आधी ठरलं होतं, आमच्या शेताच्या बांधापलीकडच्या घरात. सुपारी फुटली, बस्त्याची बोलणी झाली, आणि मग बांधावरच्या लिंबावरून दोन घरांत भांडण पेटलं. बांध कोरणाऱ्याच्या घरात बहीण देणार नाही, असं वडील चावडीसमोर बोलून आले. बोललेला शब्द फिरवणं त्यांना जमत नसे. घरात त्याला बाणेदारपणा म्हणत, मी हट्ट म्हणते. नंतर पाऊस गेला, लग्नं कुणाचीच होईनात, आणि आत्याचा विषय मागे पडला. ती त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. मात्र बांधाकडच्या वावरात खुरपायला जायचं असलं की सगळ्यांच्या आधी निघे. पलीकडे, ज्याच्याशी ठरलं होतं तोही अजून बिनलग्नाचाच होता. एवढं मला कळत होतं. आईलाही कळत असणार.

तंबूत मधोमध कनात लावून बाया एकीकडे आणि पुरुष एकीकडे बसवले होते. आत शिरताना तो मला दिसला. आत्याला दिसला का, ते मी विचारलं नाही. तिने पदरात बांधून आणलेल्या ज्वारीच्या लाह्यांची गाठ उगाच सोडली आणि पुन्हा बांधली.

भाषा चिनी, म्हणून तंबूवाल्यांचा एक माणूस कर्ण्यावरून गोष्ट सांगत होता. दोन तालमी आणि त्यांचं पिढीजात वैर. एका तालमीतली मुलगी, दुसरीतला मुलगा. दोघं झाडांच्या शेंड्यांवरून उडत एकमेकांना भेटत. उडण्याचं आमच्याकडे कुणाला नवल वाटलं नाही, मारुती उडाल्याचं सगळ्यांनी ऐकलेलं होतं. नवल वाटलं ते पोरगी मोठ्या भावाला न सांगता जाते याचं. बायांनी आधी तिला नावं ठेवली. मग ती रडली, तेव्हा सगळ्या तिच्या बाजूच्या झाल्या.

शेवट जवळ आला आणि नेमका कर्णा बंद पडला. पडद्यावर मोठं दालन होतं. मुलगी लाल कपड्यांत उभी. तिच्यासमोर दोन माणसांनी पांढरं कापड ताणून धरलेलं, आणि कापडापलीकडे तो मुलगा, तोही लाल कपड्यांत, मान खाली घालून. आता हे कुणी सांगायला हवं? अंतरपाट आमच्या बायांना चीनमध्येही ओळखू आला. भावाने हेका सोडला, असं सगळे धरून चालले. पुरुषांच्या बाजूने कुणीतरी खड्या आवाजात मंगलाष्टक सुरू केलं. माझ्या शेजारची आत्या उठून उभी राहिली. तिने गाठ सोडली आणि मूठभर लाह्या पडद्याकडे उधळल्या. तिचं बघून बाकीच्यांनी फुटाणे टाकले, शेंगा टाकल्या. आत्या हसत होती. तिला तसं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं आणि मला फार आनंद झाला.

मुलीने तलवार उपसली आणि कापडातून आरपार खुपसली.

मंगलाष्टक अर्ध्यावर थांबलं. कापड गळून पडलं, आणि पलीकडे कोण होतं ते तिला दिसलं. तेवढ्यात कर्णा पुन्हा सुरू झाला आणि तो माणूस सांगू लागला. भावाने तिला सांगितलं होतं की कापडामागे आपल्या बापाचा मारेकरी उभा आहे. आणि मुलाला सांगितलं होतं की तुमचं लग्न लावून देतो. पुढे तिने तीच तलवार स्वतःवर चालवली. अक्षता पडल्यावर असं व्हायला नको होतं, असं जी ती म्हणत होती.

सकाळी वडील न्याहारीला बसले. आत्या भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दादा, त्या पोरीला पडद्यामागं कोन हाय ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक हाय."

वडिलांनी मोडलेला घास ताटात ठेवला. हात धुतला, टोपी घातली आणि बांधाच्या दिशेने चालू लागले. शब्द फिरवायला निघालेले वडील मी पहिल्यांदाच पाहत होते. आत्याची पुढची भाकरी तव्यावर करपली.

ते दुपारच्या आत परत आले. तिकडे त्यांना मानाने बसवलं होतं, चहा पाजला होता. पण त्याच आठवड्यात त्याची सुपारी फुटली होती, नेवाशाकडच्या मुलीशी. दिलेला शब्द आम्ही तरी कसा मोडावा, असं त्याचे वडील म्हणाले होते. "उशीर झाला," एवढंच वडिलांनी आम्हाला सांगितलं. कुणी केला, ते बोलले नाहीत.

सिनेमातल्या भावावर मी मनापासून चिडले होते, कारण तो कपटी होता. आमचे वडील कपटी नव्हते. बहिणीवर त्यांचा जीव होता, दुष्काळात स्वतः अर्धपोटी राहून त्यांनी तिला भाकरी वाढली होती. कपटी माणसाचा निदान राग तरी धरता येतो. वडिलांचा मला धड रागही धरता येईना, आणि त्याचंच मला वाईट वाटत राहिलं.

त्या चहामुळे दोन घरांचं बोलणं सुरू झालं आणि वैशाखात लग्नाचं आवतण आलं. लग्न त्यांच्याच दारात होतं. आत्याने येऊ नये, असं आईने आडून सुचवून पाहिलं. ती आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. मांडवात आम्हाला अक्षता वाटल्या, कुंकवाने रंगवलेली ज्वारी. अंतरपाट धरला गेला. दर 'सावधान'ला सगळ्यांचे हात वर जात होते. आत्याचा हात खालीच होता, मूठ आवळलेली. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, तरी मूठ उघडली नाही. बांध ओलांडून घरी येईपर्यंत ती तशीच होती.

दारात कोंबड्या धावत आल्या. आत्याने त्यांच्यापुढे मूठ उघडली. तळहात लाल झाला होता. मी तिच्याकडे बघत राहिले.

"त्येच्या लग्नाच्या अक्षता म्या तंबूतच टाकल्यात," ती म्हणाली, आणि लुगडं बदलायला आत गेली.