रॉडच्या टोकाशी

सांगलीहून इंदूरला आले त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. पोलोग्राउंड या औद्योगिक भागातल्या एका छोट्या कारखान्यात नायलॉनचे रॉड तपासायची माझी नोकरी होती. मीटर मीटर लांबीचे रॉड कापून झाले की एक काका ते कोरड्या फडक्याने पुसायचे. काका इंदूरच्याच मराठी घरातले, साठीला टेकलेले. पुसताना रॉडवर विद्युतभार जमायचा, कधी कधी बोटाला चांगला चटका बसायचा.

एकदा ते म्हणाले, “मॅडमजी, एक चीज दाखवू? मधोमध हात नेला की हातावरचे केस एकदम सीधे रॉडकडे उभे राहतात. टोकाशी नेला तर तिरपे होतात. जोरही कमी. असं का?”

“पंख्याची हवा लागत असेल,” मी म्हणाले.

त्यांनी मान वर करून छताकडे बघितलं. पंखा बंद होता. मग त्यांनी पुढचा रॉड उचलला.

ते वर बघणं मला लागलं. रविवारी सुदामा नगरच्या भाड्याच्या खोलीत कपडे वाळत टाकले आणि गच्चीवरच कागद घेऊन बसले. कॉलेजात हे गणित केलेलं होतं. रॉडचे मनातल्या मनात बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा आपल्याला किती आणि कुठल्या दिशेने ओढतो ते लिहायचं आणि इंटिग्रेशनने सगळ्यांची बेरीज करायची. पण आम्ही ते नेहमी रॉडच्या मध्यासमोर करायचो. तिथे डावीकडची ओढ उजवीकडच्या ओढीने कटते, म्हणून आडवा, म्हणजे रॉडच्या लांबीच्या दिशेचा, भाग सरळ खोडून टाकायचा. टोकासमोर काय होतं, हे कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नव्हतं.

सवयीने मी टोकासमोरच्या गणितातही आडवा भाग खोडला. उत्तर मध्यासमोरच्या जवळजवळ निम्मं आलं. जोर कमी का, ते कळलं. तिरपेपणा मात्र कुठेच नव्हता. आकृती पुन्हा काढली, तेव्हा लक्षात आलं की टोकाच्या पलीकडे रॉडच नाही, तर आडवी ओढ कटणार कशाने? तो भाग पुन्हा लिहिला, बेरीज केली. रॉडच्या अगदी जवळ असलं तर आडवी ओढ सरळ रॉडकडच्या ओढीइतकीच भरत होती. दोन्ही सारख्या, म्हणजे पंचेचाळीस अंश. एकटीच हसले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत काकांना म्हणाले, “तुमचं बरोबर होतं. पंख्याचं मी उगाच बोलले.”

“अरे, चालतं,” ते म्हणाले. “पण मग का होतं ते?”

करूनच दाखवावं म्हणून मी एका काडीच्या टोकाला कापसाचा बारीक धागा बांधला. काकांनी एक रॉड या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. मध्यासमोर, चार बोटं अंतरावर धागा धरला तर तो सरळ रॉडकडे ताठला. टोकासमोर नेला तसा रॉडच्या मध्याकडे कलला. कोनमापक लावला तर पंचेचाळीसच्या थोडा पुढे-मागे. काडी हातात थरथरत होती, शिवाय फडकं काही सगळीकडे सारखं फिरलेलं नसणार.

मी कागद काढून तुकड्यांची बेरीज समजावली. काकांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे या टोकाला दुसरा रॉड लावला तर धागा सीधा होणार?”

हे मला सुचलं नव्हतं. त्यांनी दुसरा रॉड तसाच पुसला आणि पहिल्याच्या टोकाला टोक लावून ठेवला. धागा हळूहळू सरळ झाला. ते टोक आता एका लांब रॉडचा मध्य झालं होतं: नव्या रॉडची आडवी ओढ जुन्याच्या ओढीला कापत होती, सरळ ओढी मिळून दुप्पट होत होत्या. निम्मं का येतं, ते मला त्या क्षणी आतून कळलं, आणि त्याला इंटिग्रेशनही लागलं नाही.

“बरोबर आलं ना?” काकांनी विचारलं.

“बरोबर आलं.”

ते डबा उघडून जेवायला बसले. मी मात्र रॉडच्या पुढे, त्याच्याच रेषेत धागा धरून बघत उभी होते. तिथलं गणित अजून करायचं होतं.